कॅनॉलकाठी संध्याकाळी काळ्या कुत्र्याचा फोटो कसा काढावा?

शुभा_समा | १९ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आमचा बुक्का आता बारा वर्षांचा झाला. आम्ही दांडिया बाजारात राहायचो तेव्हा एका पावसात ओट्याखाली कुडकुडत बसलेला मुलाला सापडला. जात विचाराल तर बडोद्याच्या रस्त्यावरची. पंढरपूरच्या बुक्क्यासारखा काळाभोर, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं. आता सासूबाई नाहीत, मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि आम्ही समा भागात राहायला आलोय. रोज साडेचार-पावणेपाचला मी आणि बुक्का नर्मदेच्या कॅनॉलवर फिरायला जातो. जाताना तो पुढे असतो, येताना माझ्या मागे.

मुलगा त्याचा जुना डीएसएलआर घरी ठेवून गेलाय. सोबत १८-५५ चा लेन्स आहे आणि एक ५० चा, १.८ वाला. दिवाळीपासून तो गळ्यात अडकवून नेते. बगळे छान येतात, एरंडाची शेतं येतात, पाण्यावरचं ऊन तर फारच सुंदर येतं. फक्त बुक्का येत नाही! दोनशेच्या वर फोटो काढले असतील, प्रत्येकात त्याच्या जागी एक काळा आकार. कान कळतात, शेपूट कळते, पण डोळे काही केल्या दिसत नाहीत. आणि मला तेच हवे आहेत. त्याचं तोंड आता हनुवटीपासून पांढरं व्हायला लागलंय, तेही फोटोत यायला हवं.

मी काय करते ते सांगते. पट्टा फोटोत बरा दिसत नाही म्हणून काढून ठेवते. त्याला काठावर, काँक्रीटचा उतार सुरू होतो तिथे बसवते, म्हणजे मागे चमकणारं पाणी येतं. मग उभ्याउभ्याच क्लिक करते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, खाली बसता येत नाही.

होळीला मुलगा येणार आहे. तोवर एक तरी फोटो फ्रेम करण्यासारखा काढायचा आहे. जाणकारांनी मदत करावी.

---

रावपुरा_टॉवर | १९ जानेवारी, रात्री ९.२२

बुक्का! काय नाव आहे! शुभाताई, जमलेले-न जमलेले सगळे फोटो टाका, आधी बघू तर दे त्याला.

---

कलाभवन | १९ जानेवारी, रात्री ९.५८

ताई, यात तुमची चूक नाही, कॅमेऱ्याची सवयच तशी आहे. त्याच्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. काळा कुत्रा दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो फोटो जास्त उजळ करतो. काळ्याचा राखाडी होतो, अंगावरची लव धुऊन निघते. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ किंवा गडद यावा ते ठरवणारा आकडा, उणे करा, उणे ०.७ पासून सुरुवात करून बघा. दाण्याच्या आकाराचं बटण असतं, त्यावर अधिक-उणेची खूण असते.

दुसरं, फोकस नाकावर जाऊ देऊ नका. मधला एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. १.८ वर ५० चा लेन्स जवळून लावलात तर नाक स्पष्ट आणि डोळा धूसर असं होतं. अपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, आकडा ४ किंवा ५.६ ठेवा. धावत असेल तर शटर १/१००० सेकंद तरी हवा, बसलेला असेल तर १/२५० पुरतो.

---

फिल्म_रोल | १९ जानेवारी, रात्री १०.१५

कलाभवन, माफ करा, पण हा सल्ला ताईंच्या बाबतीत उलटा बसेल. त्यांच्या फोटोत कुत्रा राखाडी होत नाहीये, काळा ठिक्कर होतोय. उणे केलंत तर डोळे काय, कानही जातील. त्यांनी अधिक करायला हवं, अधिक १ किंवा त्याहून जास्त.

---

कलाभवन | १९ जानेवारी, रात्री १०.२१

फाइन आर्ट्सला आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात हो. काळ्या विषयाला उणे, पांढऱ्याला अधिक.

---

फिल्म_रोल | १९ जानेवारी, रात्री १०.४०

ते बरोबरच आहे, पण विषयाने चौकट भरली असेल तर. इथे चौकटीत कुत्रा पावभर आणि चमकतं पाणी पाऊण. मीटर पाण्याला बघतं, बुक्क्याला नाही. पाणी डोळे दिपवतंय म्हणून ते सगळाच फोटो काळा करतं. तोंड जवळून घेऊन चौकट भरली तर तुमचं उणे लागू, लांबून पाण्यासकट घेतला तर माझं अधिक लागू. आपण दोघं दोन वेगळ्या फोटोंबद्दल बोलतोय.

---

कलाभवन | १९ जानेवारी, रात्री १०.४६

हे मान्य. ताई, तुमच्या आत्ताच्या फोटोंसाठी फिल्म_रोल यांचंच ऐका. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागचं पाणीच बदला. सूर्य त्याच्या पाठीमागे आणि तोंड सावलीत, अशा वेळी कुठलंही बटण डोळ्यात चमक आणू शकत नाही. डोळ्यात काहीतरी उजळ प्रतिबिंब पडावं लागतं, आकाश म्हणा, सूर्य म्हणा, पांढरी भिंत म्हणा. ते पडलं की डोळा जिवंत दिसतो.

---

पेशवेपार्क | २० जानेवारी, सकाळी ७.०५

मी आपला मोबाइलवाला. पोर्ट्रेट मोडवर आमच्या काळ्या मांजरीचे कान दर वेळी कापले जातात. तुमचा कॅमेरा बरा.

---

मृगा | २० जानेवारी, सकाळी ८.३०

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून फोटोपेक्षा डोळ्याबद्दल लिहिते. बारा वर्षांच्या कुत्र्याच्या डोळ्यात बाजूने उजेड पडला की निळसर-धुरकट झाक दिसते. फोटोत ती अचानक दिसली की लोक घाबरून मोतीबिंदू म्हणून घेऊन येतात. बहुतेक वेळा ते वयामुळे भिंग घट्ट झालेलं असतं, त्याने नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू वेगळा, त्यात पांढरट दाट पडदा येतो. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, पण झाक दिसली म्हणून फोटो बाद करू नका.

हे सांगायचं कारण असं की म्हाताऱ्या कुत्र्याला संध्याकाळी उतार आणि कडा यांचा अंदाज नीट येत नाही. तो काठावर आणि तोही पट्ट्याशिवाय बसतो हे वाचून मला काळजी वाटली.

---

पाटावरचा | २० जानेवारी, सकाळी ९.४०

शुभाताई, मी पाटबंधाऱ्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. फोटोतलं मला काही कळत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं आणि सकाळचा चहा तसाच राहिला. कृपा करून आजपासून बुक्क्याला काठावर बसवू नका. पट्टा तर अजिबात काढू नका.

कॅनॉल म्हणजे नदी नव्हे. नदीला काठ असतो, वाळू असते, मुळं असतात, कुठेतरी पाय टेकतो. आपल्या नर्मदेच्या कालव्याला काँक्रीटचं अस्तर आहे. पाणी जमिनीत झिरपू नये आणि भरभर पुढे जावं म्हणून ते केलेलं असतं. मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर लांब, सुरुवातीला ४०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, वाहून नेईल असा बांधलेला. आपल्या बडोद्याजवळची शाखा त्यापुढे लहान, पण काठावरून दिसतं त्यापेक्षा पाण्याला ओढ खूप जास्त असते. वरून शांत दिसतं, कारण अस्तर गुळगुळीत आहे, खळखळाट व्हायला दगडधोंडेच नाहीत.

आणि तो उतार. कोरडा असताना त्यावरून माणूस सहज उतरतो, म्हणूनच फसतो. पाण्याच्या रेषेवर आणि त्याखाली हिरव्या शेवाळ्याचा पातळ थर असतो. त्यावर माणसाची चप्पल थांबत नाही, कुत्र्याचं नख काय थांबणार! एकदा आत गेलेलं जनावर पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. गाई-म्हशी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. माणसंही.

---

अंबू | २० जानेवारी, दुपारी १.१५

पाटावरचा काकांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः हे भोगलंय, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी, अशीच थंडीतली संध्याकाळ. आमचा मोती तेव्हा चार वर्षांचा, दांडगा, पोहणारा. एक पाणकावळा उतारावर पंख पसरून बसला होता, मोती त्याच्या मागे धावला. पाणकावळा उडाला, मोती सरळ पाण्यात. मला आधी हसूच आलं. मग तो वर यायला लागला तेव्हा तो आवाज ऐकला. नखं काँक्रीटवर घासल्याचा, पाटीवर खडू ओरखडावा तसा. पुढचे दोन पाय कोरड्या भागावर यायचे, मागचे शेवाळ्यावरून सटकायचे, की परत आत. पाच-सहा वेळा. दर वेळी दोन हात पुढे वाहून गेलेला.

आणि मी मूर्खासारखी जिथे तो पडला तिथेच उभी राहून हाका मारत होते. तो बिचारा माझ्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट, पोहत होता आणि दमत होता. पलीकडून एक रबारी काका गाई घेऊन चालले होते. त्यांनी ओरडून सांगितलं, "बेन, आगळ चालो, आगळ!" म्हणजे पुढे चला. मी खालच्या अंगाला धावले, तो वळला, प्रवाहाबरोबर माझ्या बाजूने येऊ लागला. पुढे अस्तरात पायऱ्या होत्या. काकांनी पुलावरून अलीकडे येऊन गाईचा दोर सोडला, मला वरच उभं राहायला लावलं, दोराचं एक टोक मैलाच्या दगडाला गुंडाळलं आणि स्वतः पायऱ्यांवर उतरून मोतीचा गळपट्टा धरला. गळ्यात पट्टा होता म्हणून धरायला काही मिळालं.

घरी आल्यावर पाहिलं तर पुढच्या पायांची चार नखं मुळापर्यंत झिजून रक्त येत होतं. मी त्यानंतर तीन महिने कॅनॉलवर गेले नाही. आता जाते, पण पट्टा मनगटात अडकवून.

---

रावपुरा_टॉवर | २० जानेवारी, दुपारी १.३०

अंबूताई, अंगावर काटा आला. मोती आता बरा आहे ने?

---

अंबू | २० जानेवारी, दुपारी १.४२

एकदम छान. पाणकावळा दिसला की माझ्या मागे लपतो.

---

पाटावरचा | २० जानेवारी, दुपारी ३.००

त्या रबारी भाऊंनी जे केलं तेच बरोबर. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो: जनावर पडलं तर स्वतः उडी मारू नका, उतारावरही उतरू नका. खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जातं त्या दिशेला, पळा आणि तिथून हाक मारा. आपल्या रोजच्या टप्प्यात पायऱ्या कुठे आहेत ते आधीच बघून ठेवा. जिथे कालवा रस्त्याखालून किंवा ओढ्याखालून नळातून जातो, त्याच्या वरच्या अंगाला तर फिरकूच नका, तिथे पाणी आत खेचून घेतं. अग्निशामक १०१. जखमी जनावरासाठी आपल्याकडे १९६२ वर करुणा ॲम्ब्युलन्स येते.

---

शुभा_समा | २० जानेवारी, संध्याकाळी ७.३५

सगळ्यांचं वाचलं. अंबूताई, तुमचं वाचताना मध्येच उठून बुक्क्याजवळ जाऊन बसले.

आज पट्टा काढला नाही आणि रस्त्याच्या पाण्याकडच्या अंगाने मी चालले, त्याला शेताकडच्या अंगाला ठेवलं. आमच्या बाजूचा चौकीदार रोज म्हणायचा, "काकी, कूतरुं साचवजो, पाणी ऊंडुं छे." म्हणजे कुत्र्याला सांभाळा, पाणी खोल आहे. मला वाटायचं सवयीने म्हणतो. आज थांबून विचारलं तेव्हा त्याने पायऱ्या दाखवल्या. आम्ही जिथे रोज बसायचो तिथून चांगल्या तीनशे पावलांवर आहेत. दोन महिने मी त्याला कुठे बसवत होते!

फोटो आज काढलाच नाही. पण सोडून दिलेला नाही.

---

खारीसिंग | २० जानेवारी, रात्री ८.१०

ताई, आणखी एक. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, होऊन पाच-सहाच दिवस झालेत. काठावरच्या बाभळींवर आणि गवतात काच लावलेला मांजा लोंबतोय. माझ्या कुत्रीच्या पंजात अडकून बोटांमधलं कातडं चिरलं, परवा टाके घातले. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी गवतात तोच सापडतो. मी फिरताना खिशात कात्री ठेवतो आणि दिसेल तेवढा गुंडाळून आणतो. काल चिकूएवढा गोळा झाला.

---

राजवाडा_इंदूर | २० जानेवारी, रात्री ९.००

इंदूरहून रामराम. बडोद्यात कुत्र्याला पाण्याशेजारी नेतात हेच आम्हाला नवल. तुमच्या विश्वामित्रीत तर मगरी ना?

---

रावपुरा_टॉवर | २० जानेवारी, रात्री ९.१२

नदीत आहेतच, शहराच्या मधोमध आहेत. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात तर सोसायट्यांच्या अंगणात येऊन बसल्या होत्या. विश्वामित्रीच्या काठी कोणी शहाणा माणूस कुत्रा नेत नाही. म्हणून तर लोक कॅनॉलवर जातात. पण कालव्यातही कधीकधी मगर निघते, वनखात्याची माणसं येऊन नेतात. पाणी पिऊ देऊ नये ते बरं.

---

मृगा | २० जानेवारी, रात्री ९.३०

पाणी पिऊ न देण्याला मगरीशिवायही कारण आहे. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो. लस घेतली आहे का बघा. घरून बाटली आणि वाटी न्या.

आणि हे उन्हाळ्यासाठी: मे महिन्यात फोटोला छान ऊन सहाला मिळतं, पण डांबर आणि काँक्रीट तेव्हाही तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं तरच त्याला चालवा.

---

फिल्म_रोल | २१ जानेवारी, सकाळी ६.५०

जागा बदलायची तर वढवाणाला जा की. डभोईजवळ. सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. हिवाळ्यात राजहंस येतात, उजेड अप्रतिम.

---

कलाभवन | २१ जानेवारी, सकाळी ७.१५

फोटोला वढवाणा उत्तम, कुत्र्याला अजिबात नाही. हजारो मैल उडून आलेले पट्टकदंब हंस कुत्रा दिसला की सगळे उठतात. त्यांना तिथे खाऊ दे, विसावू दे. बुक्क्याला बुक्क्याच्या जागीच फोटो हवा.

---

फिल्म_रोल | २१ जानेवारी, सकाळी ७.२०

खरं आहे, माझ्या डोक्यात नुसता उजेड होता. सल्ला मागे घेतो.

---

कलाभवन | २१ जानेवारी, सकाळी ७.४४

थोडं अवांतर, पण मला मनापासून सांगावंसं वाटतं. आपल्या बडोद्यात फोटो काढणं ही जुनी गोष्ट आहे. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. ज्योती भट्टांनी गावोगाव फिरून घरांच्या भिंती, ओटे, त्यावरची मांडणी-रांगोळी आणि ती काढणाऱ्या बायका यांचे फोटो काढले. त्यांच्या फोटोत माणूस त्याच्या जागेसकट असतो, भिंतीला टेकून, उंबऱ्यावर, आपल्या रोजच्या कपड्यांत. म्हणून मला वाटतं, ताई, पट्टा फोटोत दिसू देच. तो बुक्क्याचा रोजचा कपडा आहे. बारा वर्षं त्याच्या गळ्यात आहे, त्याच्या फोटोत असायलाच हवा.

---

अंबू | २१ जानेवारी, सकाळी ८.०२

+१. मोतीच्या पट्ट्याने त्याचा जीव वाचला. मला तो कुठल्याही फोटोत कुरूप दिसत नाही.

---

पाटावरचा | २१ जानेवारी, सकाळी १०.३०

मी रात्री विचार करत होतो. फोटोतलं कळत नाही, पण कालवा कळतो. एक जागा सुचते, जाणकारांनी सांगावं ती चालेल का.

कालवा काही ठिकाणी जमिनीत खोदलेला असतो, त्याला आम्ही खुदाई म्हणतो. काही ठिकाणी जमीन खोल असते, तिथे माती भरून त्यावरून नेलेला असतो, तो भराव. भरावात दोन्ही बाजूंचे बांध शेतापासून उंच असतात, वर गाडीरस्ता, आत पाणी, बाहेरच्या अंगाला शेताकडे उतरणारा मातीचा उतार. तो गवताळ असतो, त्यावर पाय ठरतो.

शुभाताईंनी पश्चिमेकडच्या बांधाच्या बाहेरच्या उताराने चार पावलं खाली उतरावं, शेताच्या बाजूला. बुक्क्याला वर रस्त्याच्या शेताकडच्या कडेला बसवावं. सोबतीला कोणी पट्टा धरायला घ्यावं. म्हणजे ताई आणि बुक्का दोघंही पाण्यापासून लांब, मध्ये सगळा रस्ता. मावळता सूर्य ताईंच्या पाठीमागे राहील. आणि उतारामुळे बुक्क्याचं तोंड आपोआप त्यांच्या डोळ्यांसमोर येईल, गुडघा वाकवायलाच नको.

---

फिल्म_रोल | २१ जानेवारी, सकाळी १०.३८

काका!!! याहून चांगली जागा मी चार दिवस शोधली असती तरी सापडली नसती.

---

कलाभवन | २१ जानेवारी, सकाळी १०.५५

शंभर टक्के. सूर्य समोरून तोंडावर पडेल, डोळ्यात त्याचा ठिपका येईल. मागे पूर्वेचं आकाश असेल, ते संध्याकाळी पश्चिमेसारखं झगझगीत नसतं, निळं-जांभळं होत जातं. मीटर गडबडणार नाही. खालून घेतल्यामुळे त्याची छाती आणि मान भारदस्त दिसेल. सूर्यास्त सध्या सव्वासहाच्या आसपास आहे, साडेपाचला तयार राहा. आणि तोंड जवळून घ्याल तेव्हा माझं उणे ०.७ विसरू नका!

---

पेशवेपार्क | २१ जानेवारी, सकाळी ११.२०

उतारावर टिटवीची अंडी तर नाहीत ना बघून घ्या. टिटव्या अंड्यांवर असल्या की डोक्यावर झडप घालतात.

---

पाटावरचा | २१ जानेवारी, सकाळी ११.३१

आता नाही. त्यांचा हंगाम उन्हाळा-पावसाळ्यात. पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कालव्याच्या खडीत त्या हमखास अंडी घालतात आणि ती खडीसारखीच दिसतात.

---

खारीसिंग | २२ जानेवारी, सकाळी ९.००

कॅनॉलवरच्या सोलर पाट्यांकडे कोणी गेलंय का? २०१५ साली बान की-मून उद्घाटनाला आले होते तो दहा मेगावॉटचा प्रकल्प. पाट्यांच्या सावल्या पाण्यावर फार सुंदर पडतात, पुलावरून लांबूनच फोटो घेतला.

---

रावपुरा_टॉवर | २२ जानेवारी, सकाळी ९.२०

हो, आणि परतताना सेव-उसळ खाल्ल्याशिवाय तो फेरा पूर्ण होत नाही. शुभाताई कुठे आहेत?

---

शुभा_समा | २९ जानेवारी, रात्री ८.४५

इथेच आहे. दोन दिवस ढग होते, मग बुक्क्याचं पोट बिघडलं, मग शेजारच्या श्रेयाची परीक्षा. पट्टा धरायला तीच येणार होती, आठवीत आहे. आज गेलो.

पाटावरचा काका, चौकीदाराला "भराव क्यां छे?" विचारलं तर त्याने लगेच सांगितलं. आमच्या नेहमीच्या जागेपासून अर्धा किलोमीटर पुढे. मी काठी घेऊन बाहेरच्या उताराने उतरले. खालच्या शेतात एरंड होता, एका झाडाला हात टेकायला मिळाला. श्रेया वर बुक्क्याच्या बाजूला उकिडवी बसली, पट्टा मनगटाला गुंडाळून.

पहिले दहा-बारा फोटो वाया गेले. सूर्य इतका खाली आला होता की माझीच सावली बरोबर त्याच्या तोंडावर पडत होती. हे कोणीच सांगितलं नव्हतं! दोन पावलं डावीकडे सरकले तेव्हा सावली बाजूला गेली आणि त्याच्या तोंडावर ऊन आलं.

तेव्हा मी त्याला कॅमेऱ्यातून पहिल्यांदा नीट पाहिलं. मी आजवर काळा काळा म्हणत होते, पण तो काळा नाहीच. कानाच्या कडांना आणि मानेवर तांबूस-तपकिरी झाक आहे, गुळाच्या काकवीसारखी. हनुवटीवरचे पांढरे केस नुसते पांढरे नाहीत, मुळाशी काळे आणि टोकाला रुपेरी. डाव्या भुवईवर एक लांब पांढरा केस आहे, तो कधी आला मला माहीत नाही. आणि डोळे. मृगाताईंनी सांगितलेली निळसर झाक आहे थोडी, पण त्यावर सूर्याचा एवढासा पिवळा ठिपका, आणि त्याच्या आत, मोठं करून बघितलं तेव्हा कळलं, एक छोटीशी काठी घेतलेली बाई उभी आहे. ती मी.

उणे ०.७, ५.६, १/५००. पट्टा ठेवलाय. लाल आहे, सासूबाईंनी आणलेला, रंग उडालाय. फोटो खाली लावते.

---

अंबू | २९ जानेवारी, रात्री ८.५१

शुभाताई, तो बघतोय माझ्याकडे. खरंच बघतोय.

---

फिल्म_रोल | २९ जानेवारी, रात्री ८.५९

एकही गोष्ट बदलू नका. कापूही नका. श्रेयाचा हात डावीकडे अर्धा आलाय तोही राहू दे. छापताना चकचकीत कागद नको, मॅट घ्या, काळ्यावर काचेसारखी चमक आली की लव दिसत नाही.

---

मृगा | २९ जानेवारी, रात्री ९.०५

ही झाक वयाचीच वाटतेय. तरी फोटोवरून ठरवू नका, दाखवून घ्याच.

---

कलाभवन | २९ जानेवारी, रात्री ९.०७

सावलीचं सांगायचं राहिलं, चूक माझी. काकवीचा रंग अगदी दिसतोय.

---

पाटावरचा | २९ जानेवारी, रात्री ९.३०

ताई, बुक्क्याच्या मागे रस्त्याच्या कडेला जो दगड दिसतोय, त्यावर अंतराचा आकडा लिहिलेला असतो. आमच्या खात्यात कालव्यावरच्या त्या अंतराला 'साखळी' म्हणतात. पस्तीस वर्षं मी 'अमुक साखळीवर गळती, तमुक साखळीवर दुरुस्ती' असं लिहीत आलो. आज साखळीवर बसलेला कुत्रा पाहिला, फार समाधान वाटलं. आकडा पुसट आहे, वाचता आला तर कळवा, मी सांगतो तो भराव कोणत्या साली घातला.

---

शुभा_समा | २९ जानेवारी, रात्री ९.४१

उद्या पावणेपाचला जातेच आहे, श्रेयाला वाचायला सांगते.